शेठचा दिवा

आमच्या वडीगोद्रीत कुठे एखादा बल्ब मिणमिणता लागला की लोक म्हणतात, "हा काय शेठचा दिवा लावला का?" लग्नाच्या मांडवात म्हणतात, केस कापायच्या दुकानात म्हणतात, देवळाच्या सभामंडपात म्हणतात. परवा माझ्या नातवाने बाजारातून एक टॉर्च आणली. दोन दिवसांत ती पिवळी पडली. तो मला म्हणाला, "आबा, हा तर शेठचा दिवा निघाला." त्याने शेठला कधी पाहिलेलंही नाही. त्याच्या लेखी शेठ म्हणजे माणूस नाही, अंधूकपणाचं एक माप आहे.

ज्या माणसावरून ही म्हण पडली त्याच्या शेजारी मी उभी हयात दुकान चालवलं. हायवेच्या कडेला आमची दोन दुकानं, मधे एक पत्रा. त्यांच्याकडे गाड्यांची वायरिंग, हॉर्न, बॅटरी आणि दिवे. माझ्याकडे सीट कव्हर, पायपुसणी, आरशाला लटकवायचे गोंडे. म्हण खोटी आहे. ती कशी पडली हे ठाऊक असणारा मी एकटाच आता जिवंत आहे, आणि माझंही वय झालं. म्हणून जे आठवतं ते, जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

शेठ अंगाने काटकुळे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी रुमालात गुंडाळलेला एक बल्ब. बल्बच्या काचेला बोट लावू द्यायचे नाहीत. बोटाचा तेलकटपणा काचेला लागला की ती तापून तडकते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं, पण ते अशा आवाजात ओरडायचे की गिऱ्हाईकाच्या हातातून बल्बच सुटायचा. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरात मारवाडी, दुकानात आमचीच भाषा, शिव्यांसकट. बाकीचे भाऊबंद भुसारात आणि कापडात. हे एकटेच तारांच्या गुंत्यात बसलेले. लग्नकार्यात त्यांच्याकडे पाहून नातेवाईक हळहळायचे.

त्यांचा पहिला नियम असा, की पुढचा दिवा, म्हणजे हेडलाइटचा बल्ब, दिवसा विकायचा नाही. फ्यूज घ्या, हॉर्न घ्या, इंडिकेटर घ्या, दिवसभर मिळेल. पुढचा दिवा मात्र दिवेलागणीनंतर. त्यांच्या धर्माप्रमाणे सूर्य बुडायच्या आत जेवण उरकावं लागे. म्हणून उन्हं उतरली की दुकानातच डबा उघडायचे. रोटी, गट्ट्याची भाजी, पापड. जेवून चूळ भरायची, मावळतीकडे तोंड करून हात जोडायचे, हात कोरडे पुसायचे आणि मग काचेच्या कपाटाचं कुलूप काढायचं. तोपर्यंत हायवेवरचा एखादा घाईतला माणूस चार वेळा "शेठ, जल्दी करा" म्हणून चुकलेला असे. ते सगळ्यांना मालक म्हणत, ट्रॅक्टरवरच्या पोराला आणि सोसायटीच्या चेअरमनला सारखंच. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "मालक, उन्हात दिवा पाहणारा अन् अंधारात नवरी पाहणारा, दोघं घरी गेल्यावर रडतात."

दुसरा नियम माझ्या भिंतीचा. समोरच्या मोकळ्या जागेपलीकडे माझं गोदाम होतं. त्याच्या भिंतीवर त्यांनी मला न विचारता सुतळी धरून गेरूची एक आडवी रेघ मारली. गाडी एका ठरावीक दगडाशी उभी करायची, दिवा लावायचा आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खालीच पडली पाहिजे. रेघ ओलांडली की तो उजेड समोरच्याच्या डोळ्यात गेला. मी भिंतीवरून भांडलो होतो. त्यावर ते दिवाळीत स्वतः चुन्याची बादली घेऊन आले, अख्खी भिंत रंगवली आणि वाळल्यावर पुन्हा रेघ मारली. पुढे दर दिवाळीला तसंच. भिंत माझी होती, पण गावात कुणी पत्ता सांगताना शेठची भिंत म्हणायचं.

तिसऱ्या नियमाने त्यांची गिऱ्हाइकं गेली. दिवा बसवून झाला की गाडीच्या मालकाला खाली उतरवायचे, भिंतीशी पाठ लावून गाडीकडे तोंड करून उभं करायचे आणि स्वतः आत बसून दिवा लावायचे. तिथून विचारायचे, "बोला मालक, मी दिसतो का?" माणूस डोळ्यांवर हात धरून म्हणायचा, न्हाई. मग शेठचा आवाज यायचा, "मंग समोरून येणाऱ्याला तुम्ही काय दिसाल?" त्यानंतर बल्ब बदलून कमी झगझगीत, पिवळसर दिवा लावायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. चार पाच वेळा उठबस झाल्याशिवाय सुटका नव्हती. काही जण हसून सहन करत. काही बल्ब तिथेच टाकून निघून जात. एकदा तालुक्याचे कुणी साहेब आले होते, ते उतरेनात. शेठ म्हणाले, "साहेब, तुमच्या डोक्यावर लाल दिवा हाये, त्याच्यानंच लोक बाजूला होतात. पांढऱ्याची तुम्हाला काय गरज?" साहेबांनी वर्षभर त्यांच्या दुकानाचा बोर्ड रस्त्याच्या हद्दीत येतो म्हणून छळलं. शेठने बोर्ड काढून आत ठेवला, पण साहेबांना दिवा दिला नाही.

याच काळात बाजारात आकडे छापलेली खोकी यायला लागली. तीन हजार, साडेचार हजार, सहा हजार, आठ हजार, पुढे के हे अक्षर. लोक धरून चालले की जितका आकडा मोठा तितका उजेड जास्त. आमच्या भागातला एकही माणूस मला आठवत नाही ज्याचा हा समज नव्हता. चहाच्या टपरीवर एकजण दुसऱ्याला मिशीवर हात फिरवून सांगायचा, मी सहा हजार लावले. शेठचा जीव या आकड्यांनी खाल्ला. ते लोहाराची भट्टी सांगायचे. लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं; तो आकडा त्या रंगाचा आहे, उजेडाचा नाही. आठ हजारवाला निळा दिसतो आणि त्याचा उजेड उलट कमीच पडतो. ओल्या डांबरावर तो दिसेनासा होतो आणि धुरळ्यात तर आपल्याच पुढे भिंतीसारखा उभा राहतो. हे मी पत्र्याच्या अलीकडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. एकाने त्यांना विचारलं, "मंग कंपनीनं आकडा छापलाच कशाला?" शेठ म्हणाले, "तुम्ही वाचता म्हणून."

सगळं त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. सकाळी दुकानापुढे उभ्या गाडीच्या तोंडाशी वाकून ते चिकटलेली मेलेली पाखरं बघायचे आणि सांगायचे, हा पांढरा लावून फिरून राह्यला, याच्यावर पाखरं जास्त मरतात. मग ओल्या फडक्याने ती हळूच पुसून काढायचे. टपरीवरचे म्हणायचे, "शेठ मच्छरांच्या मयतीला चालले." त्यात तथ्य किती होतं मला माहीत नाही. नवीन गाड्यांना कंपनीतूनच बसवून येणारे पांढरे दिवे चांगले असतात, रेघेखाली राहतात, हेही त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. आणि हट्टापायी माणसं तोडली. सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नाला भावाच्या नव्या गाडीतून निघाले होते. अंधार पडला, भावाने दिवे लावले. समोरून येणारे एकामागून एक डिपर मारायला लागले तसे शेठ म्हणाले, थांबव. अंबडच्या अलीकडे उतरले आणि फेटा काखेत मारून एसटीची वाट पाहत बसले. लग्न लागून गेल्यावर पोचले. तो भाऊ पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही.

उसाच्या हंगामात त्यांचा एक जादा उद्योग असे. आमच्या रस्त्याने कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर लोंबलेला, पुढे कर्ण्यावर गाणं आणि मागे एकही दिवा नाही. शेठ फाट्यावर उभे राहून त्यांना थांबवायचे आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल रेडियमचे तुकडे चिकटवायचे. ड्रायव्हर शिव्या घालायचे. शेठ उलट शिव्या घालत चिकटवत राहायचे.

आता माझं.

शेठकडून चिडून उठलेलं गिऱ्हाईक पत्र्याला वळसा घालून माझ्याकडे यायचं. "मामा, तुमच्याकडं हाये का पांढरा?" आमच्यात तोंडी ठरलेलं होतं, की दिवे त्यांनी विकायचे, सजावट मी. बरीच वर्षं मी नाही म्हणत राहिलो. मग एकदा जालन्याच्या ठोक दुकानातून निळ्या काचेच्या बल्बची काही खोकी आणली आणि सीट कव्हरच्या थप्पीखाली ठेवली. इथे नाही मिळाला तर शहागडला घेतीलच, असं मनाशी म्हणालो. दुपारी विकायचो, शेठ जेव्हा पत्र्याला टेकून डुलकी घेत तेव्हा. तेही रस्त्याने जाणाऱ्या परक्या गाड्यांना. गावातल्याला कधी दिला नव्हता, एक सोडून.

तो दत्ता. कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या वस्त्यांवरून पिकअपमध्ये दूध गोळा करून संध्याकाळी शीतकेंद्रावर पोचवायचा. कामाला चांगला, बोलायला गोड, नुकतंच पोर झालेलं. त्या हंगामात एका संध्याकाळी त्याचा एक दिवा गेला म्हणून तो शेठकडे आला. दुसऱ्या दिवशी शेठ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला जाणार होते. त्यांचे स्वतःचे डोळे बरेच दिवस अधू झाले होते. ऑपरेशनची त्यांना भीती होती, आणि भीती वाटली की ते जास्त खेकसायचे. दत्ताला त्यांनी भिंतीशी उभं राहायला सांगितलं. तो म्हणाला, शेठ, दूध नासून जाईल, नुसता बसवून द्या. शेठ म्हणाले, "तुला दिवा न्हाई, घाई पाह्यजे. ती माझ्याकडं न्हाई." दत्ता एकाच दिव्यावर निघून गेला. तो शेठकडे आलेला फाट्यावरच्या सगळ्यांनी पाहिला; दिवा न घेताच गेला, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. शेठचं दुकान बंद होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी खोकं काढलं. त्याने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मामा, ट्रॉल्यांचा धुरळा लय असतो बघा. त्याच्यात दिसन ना?"

मी खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "सहा हजार हायेत, बाबा. अजून काय पाह्यजे?"

तो आकडा कशाचा आहे हे मला ठाऊक होतं. गावात शेठ सोडून ते ठाऊक असलेला मी एकटा होतो. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दिवे मी बसवले. भर उन्हात. एक बल्ब खोबणीत नीट बसला नाही, जरा वर तोंड करून राहिला, ते मला हाताला जाणवलं होतं. दत्ता आत बसून म्हणाला, लागला का? उन्हात काही कळेना. मी दिव्यापुढे तळहात धरला, त्यावर निळसर उजेड पडला. लागला, म्हणालो. गोदामाची भिंत समोरच होती. गाडी दगडाशी लावून संध्याकाळी ये, रेघ बघू, एवढं मला म्हणता आलं असतं.

त्याच आठवड्यात, दिवस नुकताच बुडाला असताना, वळणावर एक ट्रॉली आस तुटून रस्त्यातच उभी होती. तिच्या मागे लाल रेडियम नव्हतं, कारण चिकटवणारा माणूस जालन्याला डोळ्याला पट्टी बांधून पडलेला होता. पुढून दुसरे ट्रॅक्टर धुरळा उडवत गेले होते. दत्ताची पिकअप ट्रॉलीच्या खाली गेली. पांढऱ्या दिव्यामुळेच गेली असं छातीठोक कोण सांगणार. पिवळा असता तर वाचला असता, हेही मी सांगू शकत नाही. त्याने विचारल्यावर मी खरं सांगितलं नाही, एवढंच सांगू शकतो. लोक धावले तेव्हा रस्त्यावर दुधाचा ओघळ गेला होता, असं ऐकलं. मी गेलो नाही.

दहाव्यापर्यंत गावात वाक्य तयार झालं होतं. दत्ता शेठकडे गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, माझ्याकडे आलेला कुणीच नाही. दिव्यांचा चुरा झाला होता. मग आणखी काय हवं? शेठने पिवळा मिणमिणता दिवा दिला, पोराला ट्रॉली दिसली नाही. कुणी त्यात भर घातली की शेठला स्वतःलाच दिसत नव्हतं, मोतीबिंदू झालेल्या माणसाला उजेड सोसत नाही म्हणून तो सगळ्यांना अंधारात चालवायचा. मोतीबिंदूचं हे मीच टपरीवर बोललो होतो. ऑपरेशन कसं झालं म्हणून कुणी विचारलं, त्यावर सहज बोललो होतो. म्हणजे सहज असं मी तेव्हा समजलो.

शेठ काळा चष्मा लावून परत आले. वाकू नका असं डॉक्टरने बजावलं होतं. ते पोलीस चौकीच्या आवारात गेले, जिथे पिकअप ओढून ठेवली होती, आणि वाकून दिव्याच्या खोबणीत हात घालून बराच वेळ चाचपत बसले. हे मला तिथल्या चहावाल्याने सांगितलं. तिथून ते माझ्या दुकानात आले. मी शिलाई मशीनवर रेक्झिन शिवत होतो. त्यांनी रुमाल उघडला. आत काचेचा एक निळा तुकडा होता, नखाएवढा.

"भाऊ," ते म्हणाले, "दिवसा बसवला का?"

मी म्हणालो, "कोणता दिवा, शेठ?"

काळ्या चष्म्याआडून ते कुठे पाहत होते ते दिसत नव्हतं. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि ते गेले.

दत्ताची बायको आली ती त्यानंतर. बरोबर तिचा दीर होता. ती शेठच्या दुकानापुढे उभी राहिली, मी पत्र्याच्या अलीकडे मशीनवर. मी पाय थांबवला होता. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "शेठ, त्यांना दिसन असा दिवा काऊन दिला न्हाई?"

शेठ उठून उभे राहिल्याचा आवाज आला. "चुकलं बाई माझं," ते म्हणाले. "त्याला मी माघारी धाडायला न्हवतं पाह्यजे."

ते एवढंच बोलले, आणि ते शब्दशः खरं होतं. त्यांनी माघारी धाडलं म्हणूनच तो माझ्याकडे आला. पण ऐकणाऱ्यांना त्यात कबुली ऐकू आली. दीर म्हणाला, आता कबूल करून काय फायदा. अजून एखादं वाक्य शेठ बोलले असते, पत्र्याकडे नुसतं बोट केलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी केलं नाही. मला तर तेवढंही बोलायची गरज नव्हती, पत्र्याला वळसा घालून चार पावलं चालायचं होतं. मी मशीनच्या पायट्यावर पाय दाबला. मशीन सुरू झालं. पलीकडचं पुढे काही ऐकू आलं नाही.

मी पुष्कळ वर्षं अशी समजूत करून घेतली की शेठने मला वाचवलं. तसं काही नव्हतं. त्यांनी त्यांच्या वाटणीचं सांगितलं होतं. माझ्या वाटणीचं मी सांगेन, म्हणून ते थांबले होते. हे मला भादव्यात कळलं.

त्यांच्यात पर्युषण संपल्यावर एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असं हात जोडून म्हणायचं. शेठ दरवर्षी घरचे, भाऊबंद यांच्याआधी पत्र्याला वळसा घालून माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, मिच्छामि दुक्कडम्." मी दरवर्षी म्हणायचो, "अहो शेठ, तुमचं-आमचं काय." मग हसायचे, मी चहा सांगायचो, त्यांचा उपवास सुटलेला असायचा. त्या वर्षीही ते आले. हात जोडले, तेच शब्द म्हणाले. आणि थांबले. त्यांचे डोळे आता चांगले स्वच्छ झाले होते. माझ्याकडे सरळ पाहत होते. त्यांना काही मागायचं नव्हतं, ते मला वाट करून देत होते. मी म्हणालो, "अहो शेठ, तुमचं-आमचं काय." ते आणखी थोडं थांबले. मग गेले. चहा सांगायचा राहून गेला.

त्यानंतरही ते दरवर्षी आले, मरेपर्यंत. दरवर्षी थांबले. माझं उत्तर मी बदललं नाही.

त्यांच्याकडे पुढचा दिवा घ्यायला मग कुणी आलं नाही. दत्ताच्या अपघाताने सगळ्या रस्त्याला पांढऱ्या दिव्याची भूक लागली. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, मोटारसायकलवाले, सगळे माझ्याकडे. सीट कव्हरच्या थप्पीखालची खोकी वर आली, मग काचेच्या कपाटात आली, मग बाहेर बोर्डावर. शेठ संध्याकाळी डबा खाऊन, हात जोडून, कपाटाचं कुलूप काढून बसायचे. समोर भिंत, भिंतीवर रेघ. मी त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच भिंतीकडे पाठ करून गाड्यांना सहा हजार बसवायचो. एका दिवाळीला ते चुना घेऊन आले नाहीत. ती भिंत पुढे गुटख्याच्या जाहिरातीला गेली.

ते गेल्यावर मी बोलेन असं ठरवलं होतं. मग माझी बायको आजारी पडली, मग मुलाचं दुकान वाढवायचं निघालं. माणसाला कारणं मिळत जातात. गेल्या भादव्यात मात्र मी उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाला हात जोडून ते शब्द म्हणालो. त्याने तेच शब्द मला परत दिले, सवयीने, आणि आत चहा सांगितला. मी म्हणालो, बस, मला बोलायचं आहे. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या बापासारखाच तो काटकुळा आहे. म्हणाला, "काका, पप्पा गेले. आता कुठं हे काढता. धंद्यात त्यांचं डोकं चाललं न्हाई एवढं खरं." तो आता एलईडी विकतो, दिवसभर.

मग मी दत्ताच्या बायकोकडे गेलो. ती टेंभुर्णीला भावाकडे असते, पोर कॉलेजात आहे. तिने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. माझं सांगून झाल्यावर तिने बराच वेळ पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "शेठ माझ्या तोंडावर बोलले होते, चुकलं म्हणून. मी ऐकलंय. तुम्ही त्यांचे दोस्त, मला ठाऊक हाये. मेलेल्या माणसाचं नाव धुवायला तुम्ही सोताच्या अंगावर घेऊन राह्यलात. तसं करू नका, मामा. पाप लागन."

मी म्हणालो, बाई, खरं आहे ते. ती म्हणाली, "जेवून जा."

टपरीवरही सांगून पाहिलं. तिथे आता नवीन पोरं बसतात. एकजण दुसऱ्याला म्हणाला, आबा आजकाल काहीबाही बोलतात, आणि मला उठून जागा दिली.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर नातवाला वाचायला दिलं. त्याने सगळं वाचलं, मधे एकदा माझ्याकडे पाहिलं. संपल्यावर कागद नीट लावून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "तुम्ही कधी सांगितलं न्हाई, आबा." मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी तो मला दुकानातून घरी न्यायला आला. घर रस्त्याच्या पलीकडे आहे. मला आता मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन मी पुढे ढकलत असतो. समोरून गाड्या येतात तेव्हा मला रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही, सगळीकडे पांढरं होतं आणि त्यात लांब काय, जवळ काय, कळत नाही. त्यातले कितीतरी दिवे मीच विकलेले. नातू हात धरून म्हणाला, चला, लांब आहे ती गाडी. माझं पाऊल उठेना. ती गेली, मागून दुसरी आली. पुन्हा तो म्हणाला चला, पुन्हा मी तिथेच.

तो हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "आबा, तुमचे डोळे म्हणजे पार शेठचा दिवा झालेत," म्हणाला.

काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी त्याचा हात घट्ट धरला आणि गाड्या जायची वाट पाहत उभा राहिलो.